तुरुंगातली मर्टल

केंटकीच्या आमच्या डोंगरात हॉलिस टॅकेटने बांधलं नाही असं धुराडं शोधून दाखवावं. पन्नास वर्षं थापी चालवलेला हा गवंडी बहात्तराव्या वर्षी प्रेमात पडला, आणि पडला तोही एका मशीनगनच्या. तिचं नाव त्याने मर्टल ठेवलं. का, ते विचारू नये. आमच्याकडे लोक ट्रकचंसुद्धा बारसं करतात.

शिकारीची बंदूक सकाळी पसंत करावी, दुपारी घरी आणावी, इतकं सोपं. पण चाप दाबून धरला की थांबतच नाही अशी बंदूक हवी असेल, तर सरकार माणसाचं पार भरीत करतं. एक तर ती एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्याआधी नोंदलेली हवी, त्यानंतरची सामान्य माणसाला घेता येत नाही. म्हणजे देशात आहेत तेवढ्याच, आणि किंमत ऐकून घाम फुटावा. हॉलिसने मासेमारीची बोट विकली. बायको नेडीनचा त्यावरून असा भडका उडाला की घरात पुन्हा बंदुकीचा विषयच निघाला नाही. मग फॉर्म, फोटो, दोनशे डॉलरच्या कराचा स्टॅम्प, शेरीफला एक प्रत, आणि दोन कार्डांवर दहाही बोटांचे ठसे.

परवानगी येईपर्यंत मर्टल बंदुका विकणाऱ्या गार्लंडच्या दुकानातल्या तिजोरीत. हौशी लोक याला ‘तुरुंग’ म्हणतात. मालकाने शनिवारी भेटायला जावं, गार्लंडच्या डोळ्यांदेखत मागच्या मैदानात दोन फैरी झाडाव्यात आणि हात हलवत घरी यावं.

आठ महिन्यांनी पत्र आलं. परवानगी नव्हती. ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा पाठवा.

शेरीफच्या कचेरीतल्या ट्वायलाने त्याची बोटं उजेडात धरली. “हॉलिसकाका, इथे काहीच नाहीये हो! चमच्याची पाठ बरी.”

“सिमेंटने खाल्लं सगळं, पोरी. आता काय करू?”

“तीन महिने विटेला हात लावू नका. रोज क्रीम चोळा, हातमोजे घाला. रेषा परत उगवतात म्हणे.”

झालं. उभ्या आयुष्यात साबणाचा वास न आवडलेला माणूस लव्हेंडरच्या क्रीमने घमघमू लागला. चर्चच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, पाद्रीबुवांनी बोलावलं, तर म्हणाला, “यंदा हात जपायचेत.”

अशातच एका शनिवारी नाश्त्याच्या हॉटेलात सिस्टर ओपलने त्याला गाठलं. ओपल म्हणजे चर्चच्या प्रार्थनायादीची कारभारीण. गावातला गुडघासुद्धा तिला विचारल्याशिवाय दुखत नाही.

“एवढा नटूनथटून कुठे रे?”

“मर्टलला भेटायला,” हॉलिस बिस्किटाचा मऊ पाव ग्रेव्हीत बुडवत म्हणाला. “बिचारी अकरा महिने आत आहे. वॉशिंग्टनहून कागद आल्याशिवाय सोडत नाहीत.”

“अरे देवा! केलं काय तिने?”

“काही नाही गं. जन्मालाच तशी आली.”

ओपलच्या डोळ्यांत पाणी आलं. यादीत नाव चढलं.

रविवारी पाद्रीबुवा भरल्या चर्चमध्ये म्हणाले, “आता तुरुंगातल्या मर्टलसाठी, आणि दर शनिवारी तिला धीर द्यायला जाणाऱ्या आपल्या हॉलिससाठी प्रार्थना करू.”

सगळ्यांनी डोळे मिटले. नेडीनने मात्र उघडले. तीन महिन्यांचं क्रीम, हातमोजे, शनिवारचं ‘चाललो जरा’ हे सगळं तिच्या डोक्यात एकदम जुळलं, आणि प्रार्थना संपायच्या आत तिने विचारलं, “मर्टल कोण?”

“बंदूक,” हॉलिस पुटपुटला.

“मोठ्याने!”

“बंदूक आहे गं ती! माझी मशीनगन!”

अख्ख्या चर्चने ‘आमेन’ गिळला. ओपल म्हणाली, “आणि मी तिच्यासाठी उपास धरला!”

पुढच्या शनिवारी नेडीन ट्रकमध्ये आधीच जाऊन बसली होती. “दाखव तुझी ती.” हॉलिसला वाटलं, संपलं. ही गार्लंडला सांगून सौदा मोडणार.

गार्लंडने मर्टल बाहेर काढली, नेडीनच्या खांद्याला नीट लावून दिली आणि शेजारी उभा राहिला. नेडीनने चाप दाबला आणि दाबूनच धरला. समोरच्या जुन्या कपडे धुण्याच्या मशीनची चाळण झाली. शांत झाल्यावर बाईंच्या नाकावर काजळी होती आणि तोंड या कानापासून त्या कानापर्यंत पसरलं होतं. हॉलिसने तिला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“मी एकटी आले तर चालेल?” तिने विचारलं.

“नाही बाई,” गार्लंड म्हणाला. “परवानगी हॉलिसच्या नावाची. तो शेजारी नसताना तुम्ही ती घरातसुद्धा हाताळायची नाही. दोघांची करायची तर दोघांना विश्वस्त नेमून ट्रस्ट करावा लागेल, बंदूक त्या ट्रस्टच्या मालकीची. मग हा फॉर्म रद्द, सगळं पहिल्यापासून, दोघांचे ठसे, रांगेत सगळ्यात मागे.” मग हळूच हॉलिसला म्हणाला, “तुझे नवे ठसे परवाच गेलेत. या वेळी नक्की होईल. बहात्तरीचा आहेस, विचार कर.”

हॉलिसने बायकोकडे पाहिलं. ती रिकामी काडतुसं वेचून स्वेटरच्या खिशात भरत होती.

“फाड तो फॉर्म,” तो म्हणाला. “आणि नव्यावर तिचं नाव आधी लिही.”