राष्ट्रीयत्वाचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — की हाही भित्रेपणाच?

मी स्वभावाने संशयी. टॅक्सीवाल्याने वेगळं वळण घेतलं तरी मागे बसून रस्ते मोजणारी. आई म्हणायची, हिला पोलिसात घालायला हवं होतं. नव्व्याण्णव साली, पंचविशीत, मी यूएईतल्या फुजैरा बंदरात एका शिपिंग एजन्सीत लागले. काम काय, तर स्टाफचे पासपोर्ट, व्हिसा, फॉर्म सांभाळायचे. मला याहून बरं काम कुठलं मिळणार होतं?

तिथे यू-टिंग होती. माझ्याच वयाची, जहाजांची कागदपत्रं बघायची. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. माझी मटकीची उसळ ती नाक पुसत पुसत संपवायची. कुठली म्हणून कुणी विचारलं की लगेच सांगायची, तैवानीज. जराही न अडखळता. मला ते खटकायचं. का? — थांबा, सांगते.

मी वाढले तिकडेच, अबू धाबीतल्या रुवैसला, बाबा रिफायनरीत होते. गाव विचारलं की मी सातारा सांगते. साताऱ्यात मी सगळे मिळून तीन महिने राहिले असेन, तेही सुट्टीत, पोट बिघडवून घेत. आई मराठीत विचारायची, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. मग हिलाच एवढी खात्री कशी?

तिचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली आणि पासपोर्ट माझ्या हातात पडला. हिरव्या कव्हरवर ठळक अक्षरांत — रिपब्लिक ऑफ चायना. तैवानचं नावच नाही. आणि आमच्या फॉर्मवर, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात, तिच्या गोल अक्षरात ‘तैवान’. मला वाटलं, सापडली. लपवतेय काहीतरी.

मी विचारलं. ती रागावली नाही, नीट समजावून सांगितलं. त्यांच्या सरकारचं नाव जुनंच राहिलंय, बीजिंगवाला चीन वेगळा. आजोबा पलीकडून, चीनमधून आलेले, ते मरेपर्यंत स्वतःला चिनी म्हणायचे. वडील चिनी आणि तैवानी, दोन्ही म्हणतात. तिच्या मैत्रिणींत काही फक्त तैवानी म्हणतात, काही दोन्ही, आणि त्यावरून घरोघरी जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. तीही वडिलांशी भांडूनच इकडे आली होती, परत जायचं नाही असं ठरवून. “मी तिथे जन्मले, तिथे वाढले,” ती म्हणाली. “मग दुसरं काय लिहू?”

मॅनेजरला मात्र तूच सांग, म्हणाली, माझं इंग्लिश ऐकून तो वैतागतो. मी तिथल्या अरबी बोलीत म्हटलं, खलास, झालंच समज, सांगते.

मॅनेजरने फॉर्म आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे वेगवेगळं कसं, हिने काही खुलासा केलाय का, असं मला विचारलं. मला सगळं पाठ होतं — आजोबा, वडील, सगळं. दोन मिनिटांचं काम.

“नाही, सर,” मी म्हणाले.

का म्हणाले? संशय तर केव्हाच फिटला होता. मला तिचा हेवा वाटत होता, इतकंच. माझे कागद चोख होते आणि कुठली विचारलं की मी चाचरायचे. हिचे कागद तिच्याच विरुद्ध बोलत होते, तरी ती ठाम. ते मला बघवेना.

कागदावर एक आणि तोंडात दुसरं, असं माणूस बंदराच्या कामाला नको, असं मॅनेजर म्हणाला. व्हिसा रिन्यू झाला नाही. महिन्याभरात यू-टिंगला निघावं लागलं, त्याच वडिलांच्या घरी.

चार-पाच वर्षांनी, दुसऱ्या ऑफिसात, तैवानच्याच एका मुलाचा नवा पासपोर्ट माझ्या टेबलावर आला. कव्हरवर आता ‘तैवान’ही छापलेलं होतं. मी तो उगीचच उघडला, मिटला, आणि फॉर्म भरला.

एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी ती पासपोर्ट घ्यायला माझ्या टेबलापाशी आली होती. डोळे सुजलेले. तिने विचारलं, “तू त्यांना सगळं सांगितलं होतंस ना?”

मी हो म्हणाले. तिने माझे आभार मानले.