इराची खुर्ची आणि आमचं गॅरेज

ऑक्टोबर लागला की मिशिगनमधल्या ट्रॉय गावातले आमचे शेजारी लॉनचं सामान आवरून गॅरेजमध्ये टाकतात. आम्ही गॅरेज रिकामं करतो आणि पुठ्ठे आणतो. फ्रिजचे, टीव्हीचे, कुणाच्या नव्या वॉशरचे. नोव्हेंबरात पुठ्ठे रिसायकलिंगला जातात. किस्से मात्र घरातच साचतात! म्हटलं, यंदा थोडे बाहेर काढू.

मंडळी मोजकीच. शेजारचे सुहास आणि मृणाल, त्यांची लेक इरा, माझा नवरा प्रसाद आणि मी. इरा लहानपणापासून व्हीलचेअर वापरते. सहा वर्षांची असताना, हॅलोविनला सोंग घेऊन घरोघरी चॉकलेट मागायला जायचं म्हणून दुकानात गेलो, तर एकेक ड्रेस नाकारत ती म्हणाली, "हे फक्त मला बसतात. माझ्या चेअरचं काय?"

झालं. कामाला लागलो.

*

पहिल्या वर्षी हत्ती. सुहास गाड्यांच्या सीट डिझाइन करतो, प्रसाद गाड्यांच्या दारांवर काम करतो आणि मी क्वालिटीत. तीन वीकेंड खपून आम्ही हॉलमध्ये खुर्चीभोवती हत्ती उभा केला. सोंड, शेपूट, सुपाहून मोठे कान. इरा आत बसली, सुहासने ढकललं आणि हत्ती दारात अडकला!

"मेजरमेंट कोणी घेतलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हत्ती मोजला होता. दार नव्हतं मोजलं.

हत्तीच्या पोटातून इराने शांतपणे विचारलं, "तुम्ही लोक खरंच गाड्या बनवता?"

शेवटी कान कापले. पहिल्याच घरचे आजोबा खूश होऊन म्हणाले, "अरे वा, मुंग्या खाणारा अँटईटर!"

*

दुसऱ्या वर्षी किल्ला. बुरूज, तोफा, वर भगवा झेंडा. मिशिगनचा पाऊस काही हॅलोविन बघून थांबत नाही. चौथ्या घरापर्यंत बुरूज ढासळले, सहाव्यापर्यंत दरवाजा गेला. मृणाल रडकुंडीला आलेली.

इरा मात्र प्रत्येक घरी खुशाल सांगत होती, "धिस इज व्हॉट फोर्ट्स लुक लाइक नाऊ!"

*

तिसऱ्या वर्षीची गोष्ट जरा वेगळी. इथे बहुतेक घरांच्या दाराला तीन-चार पायऱ्या. बाकीची पोरं धावत वर जायची, इरा खाली थांबायची आणि मृणाल तिच्यासाठी चॉकलेट घेऊन यायची. किल्ल्याच्या रात्री ओलं जॅकेट काढताना इरा म्हणाली होती, "आई, मला कधीच बेल वाजवायला मिळत नाही."

मृणालने हे आम्हाला गॅरेजमध्ये सांगितलं. मग प्रसाद उठला आणि भिंत रंगवायचा लांबणारा दांडा घेऊन आला.

त्या वर्षी इरा क्रेन झाली. पिवळी धमक! दांड्याच्या टोकाला रबरी हातमोज्याचं एक बोट, आत ठासून कापूस. पहिल्या घराशी तिने खालूनच नेम धरला आणि बेल वाजवली. एकदा नाही, सात वेळा!

एक बाई धावत बाहेर आल्या. "काय झालं? आग लागली?" मग क्रेन बघून हसल्या आणि इराच्या डोक्यावरून मृणालला विचारलं, "हिला कुठलं चॉकलेट आवडतं?"

इरा म्हणाली, "बेल मी वाजवली. मला विचारा ना!"

*

अशीच एक बाई एकदा छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "यू आर सो ब्रेव्ह!"

इराने पिशवी पुढे केली. "मग दोन मिळतील?"

मिळाली. त्याबरोबर मागच्या रांगेतली आठही पोरं ओरडली, "वी आर ब्रेव्ह टू!"

*

गेल्या वर्षी सुहासचे वडील, अण्णा, अकोल्याहून राहायला आले. सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून केली. स्ट्रोकनंतर तेही व्हीलचेअरवर. शब्द गेलेले. स्पीच थेरपिस्ट बाई समोर सफरचंदाचं चित्र धरायच्या, अण्णा खिडकीकडे बघत बसायचे. खुर्चीत बसून लोकांसमोर जायचं नाही म्हणून घराबाहेरही पडायचे नाहीत.

इराने त्यांना सांगितलं, "आजोबा, मला बस व्हायचंय. एका चेअरची बस फार छोटी होते."

अण्णांनी मान हलवली. नाही. दोन दिवस नाहीच.

तिसऱ्या दिवशी सुहास त्यांना गॅरेजमध्ये घेऊन आला. लाल रंग दिलेला पुठ्ठा त्यांनी नीट न्याहाळला, उजव्या हाताला कापलेल्या दाराकडे बोट दाखवलं आणि जोरजोरात मान हलवली. दार डावीकडे पाहिजे! आम्ही निमूटपणे दार बदललं.

हॅलोविनला पुढच्या खुर्चीत इरा, मागच्या खुर्चीत खाकी शर्टातले अण्णा, ढकलायला सुहास आणि प्रसाद. कोपऱ्यावरच्या घरासमोर ही गर्दी! तीसेक पोरं ड्राइव्हवेवर अडून उभी. सुहास "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करून थकला. बस जागची हलेना.

एवढ्यात मागच्या खुर्चीतून पुठ्ठ्यावर दोन सणसणीत थापा पडल्या.

"चला, पुढे सरका! पुढे जागा आहे!"

सगळी पोरं पुढे सरकली. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं.