नळ काढून पुन्हा पाठवा

तिसऱ्या मजल्यावरचा घड्याळवाला रोज दुपारी दोनला जेवायला घरी येतो आणि कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलीला थोबाडीत मारतो, ही बातमी आमच्या इमारतीत पसरली ती माझ्यामुळे. लपवून काय करू, जिन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी बरोबर त्यांच्या खाली राहते. सलग तीन दिवस मी वरून येणारे फटके मोजले. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी अकरा. रडण्याचा आवाज मात्र एकदाही नाही, त्यामुळे तर मला जास्तच घोर लागला. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या कानावर मी हे घातलं आणि संध्याकाळपर्यंत अकराचे तीस झाले, वर एक कमरेचा पट्टाही आला.

चौथ्या दिवशी मी रिकामी वाटी घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. मुलगी ओट्यापाशी उभी. हातात भिजवलेली चामड्याची चप्पल, समोर स्टुलाला चिकटपट्टीने बांधलेला माइक. तिने चप्पल ओट्याच्या दगडावर हाणली. घड्याळवाला मांडीवर ताट घेऊन डोळे मिटून बसला होता.

"राग आला," तो म्हणाला. "अपमान नाही आला. पुन्हा."

तिने पुन्हा हाणली.

"आता अपमान आला, पण गाल म्हाताऱ्याचा वाटतोय."

मला पाहून मुलीने हेडफोन गळ्यात ओढला. "या काकू. साखर हवीय की खात्री?"

ही आमची खुडबुड. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, इमारतीत कोणी वापरत नाही. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मागच्या गल्लीत. त्याचा स्वभाव इतका मऊ की झुरळालाही तो "सरक जरा" म्हणेल, आणि अशा माणसाच्या हातात मी पट्टा दिला होता. दोघांचे कान मात्र भलते तिखट. तो घड्याळ कानाला लावून कुठलं चाक आजारी आहे ते सांगतो. ती जिन्यातल्या पावलांवरून कोण येतंय ते तर सांगतेच, वर त्यांचं घरात भांडण झालंय का तेही सांगते. माझा धंदाच बसवला मेलीने.

खुडबुड नाट्यविभागात शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता ध्वनी. रंगमंचावर जे दिसत नाही ते कानांना दाखवायचं, असं तिने मला एकदा समजावलं होतं. छत्री भराभर उघडमीट करून ती कबुतरं उडवायची. जुनी रेडिओची पेटी फरशीवर ओढून बोट किनाऱ्याला लावायची. माझी स्टीलची मोठी बरणी ती विहीर म्हणून घेऊन गेली, ती अजून विहीरच आहे.

शेवटच्या वर्षाच्या नाटकात दोन भाऊ होते. आई वारलेली, घर विकायचं, स्वयंपाकघरात बसून दोघं तासभर कागदांवरून वाद घालतात. नाटक बसवणारे त्यांच्या विभागाचे सर. संगीत नाही, गाणं नाही. खुडबुडने एवढंच केलं की आतल्या खोलीकडून एक नळ ठिबकत ठेवला. नाटकात त्या नळाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दोघांनाही तो ऐकू येतो आणि दोघंही तो बंद करायला उठत नाहीत, कारण आत आईची खोली आहे. वाद चढला की थेंब भरभर पडतात, कोणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. धाकटा सही करतो आणि थेंब थांबतो. मी पहिल्या प्रयोगाला होते. त्या शांततेत माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला.

तो नळ आमचा. आमच्या स्वयंपाकघरातला. वर्षभर गळत होता आणि आमचे हे उद्या बघतो म्हणत होते. खुडबुड येऊन म्हणाली, "काका, अजून महिनाभर बघू नका." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या आळसाची किंमत केली. महिनाभर ती माइक घेऊन मोरीत वाकून बसायची. पातेल्यावर पडलेला थेंब, फडक्यावर पडलेला, भरल्या बादलीत पडलेला. शेवटी पसंत पडला तो पालथ्या पितळी वाटीवरचा. बाप वरून येऊन ऐकून गेला आणि म्हणाला, "याला वाट बघता येते."

पहिल्या प्रयोगानंतर गंमत झाली. दोन प्रेक्षकांनी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली की एवढं तिकीट घेता आणि आतला नळ गळतो, लक्ष लागत नाही. व्यवस्थापकाने तक्रारवहीत रीतसर नोंद केली आणि नळवाल्याला बोलावलं. त्याने मागच्या तिन्ही नळांचे वॉशर बदलले आणि वहीत सही केली. दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा ठिबक. नळवाला पुन्हा आला. त्याच्या कामाला बट्टा लागत होता, म्हणून तो पाना हातात घेऊन तिसऱ्या रांगेत जाऊन बसला, आवाज नेमका कुठून येतो ते पकडायला. थेंब थांबला तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "कोणी बंद केला?" आणि नाटक संपल्यावर तसाच आत जाऊन त्याने खुडबुडला शोधून काढलं.

आता पुरस्काराचं. राज्यभरातल्या नाट्यविद्यार्थ्यांसाठी ध्वनिरचनेचा एकच पुरस्कार. ज्याला मिळेल त्याला एका मोठ्या नाट्यसंस्थेत वर्षभर ध्वनिकक्षात काम. अट एकच, अर्ज करताना विद्यार्थी असायला हवं, आणि खुडबुडचं विद्यार्थीपण महिनाअखेरीला संपत होतं. नाही मिळाला तर बापाच्या दुकानात घड्याळांचे पट्टे बदलत बसायचं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण दुकानात दुसरी खुर्ची आणून ठेवलेली मी पाहिली होती.

अर्जाला चार गोष्टी जोडायच्या. तीन मिनिटांचा नमुना, रचनेचा आराखडा, नाटकाचं छापील पत्रक आणि दिग्दर्शकाचं पत्र. पत्रक हातात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात ठळक अक्षरांत होतं, 'दिग्दर्शन आणि ध्वनिकल्पना', आणि पुढे सरांचं नाव. खुडबुडचं नाव सगळ्यात खाली, विशेष आभारांत, गाद्या-उशा पुरवणाऱ्याच्या शेजारी.

ती सरांकडे गेली. तिथे काय झालं ते तिने संध्याकाळी आमच्या ओट्याला टेकून सांगितलं. आवाज चढला नव्हता, पण हातातल्या पुठ्ठ्याचे ती बारीक बारीक तुकडे करत होती.

"सर म्हणाले, कल्पना दिग्दर्शकाचीच असते, तू फक्त बटण दाबलंस."

"मग?"

"मग म्हणाले, तसंही नाटकात आवाज होताच कुठे? साधं संगीतसुद्धा नव्हतं. मी विचारलं, आवाजच नव्हता तर पत्रकात कल्पना कशाची छापलीत?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या बोलण्यात नम्रता नाही."

पत्र मात्र दिलं. दोन ओळींचं. 'सदर विद्यार्थिनी कष्टाळू असून तालमींना वेळेवर हजर असते.' हे पत्र मी कामवाल्या बाईलाही दिलं नसतं, तिच्याबद्दल याहून चार शब्द जास्त लिहिले असते.

खुडबुडने अर्ज धाडला. आठ दिवसांनी समितीचं उत्तर आलं. कागद माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. 'आपल्या रचनेत ध्वनीचा विशेष वापर आढळला नाही. तसेच पाठवलेल्या नमुन्यात ध्वनिमुद्रणाच्या जागेवरील गळक्या नळाचा आवाज सर्वत्र आला आहे. तो दोष काढून नमुना शुक्रवारपर्यंत पुन्हा पाठवावा, अन्यथा अर्ज बाद समजला जाईल.'

म्हणजे बघा. पोरीने महिनाभर आमच्या मोरीत गुडघे भिजवले, थेंबाथेंबाचं अंतर बसवलं, आणि या शहाण्यांनी तेवढंच उचलून सांगितलं, हे काढ. आराखडा वाचायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. पहिल्या पानावरच लिहिलं होतं, 'नळ'. मी समितीच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घड्याळवाला पहिल्यांदाच चिडलेला दिसला. म्हणजे त्याने चिमटा खाली ठेवला. "नळ काढला तर उरेल काय?" एवढंच तो म्हणाला.

मी व्यवहाराचं बोलले. "अगं, शुक्रवार परवावर आलाय. घाल थोडी बासरी मध्ये. त्यांनाही बरं वाटेल, तुझंही काम होईल. नळ जरा हळू कर."

खुडबुडने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

"काकू, बासरी घातली आणि पुरस्कार मिळाला, तर तो कोणाला मिळाला?"

"तुलाच की."

"नाही. बासरीला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नाट्यगृहात गेली. व्यवस्थापकाकडून तक्रारवहीच्या त्या दोन पानांची प्रत घेतली, शिक्क्यासकट. तिथून नळवाल्याच्या दुकानी. त्याने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवून स्वतःच्या हाताने लिहून दिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण एकही शब्द फुकट नाही:

'मी या नाट्यगृहाचे नळ बरीच वर्षं बघतो. तक्रार आली म्हणून तिन्ही नळांचे वॉशर नवे घातले. तरी गळतच होता. दुसऱ्या वेळी मी समोर बसून ऐकलं. नळ डाव्या भिंतीमागे आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. तिथे नळ नाही. आवाज या मुलीने केला आहे. थांबला तेव्हा मला माझ्या आईची आठवण आली. सही.'

खुडबुडने तोच नमुना, एक थेंबही न काढता, पुन्हा पाठवला. सोबत तक्रारवहीची पानं आणि नळवाल्याचं पत्र. सरांचं पत्र मागे घेते, असंही तिने वर लिहिलं. मी म्हटलं, अगं ते तरी राहू दे, अट आहे. ती म्हणाली, "वेळेवर हजर असल्याचा पुरस्कार निघाला की लावीन."

मुलाखतीचं बोलावणं आलं. तेही मला वाटतं समितीला गंमत वाटली म्हणून. घड्याळवाला दुकान बंद करून आला, मी काहीही बंद न करता आले. लांब बोळ, लाकडी बाक, दोन-तीन मुलं गळ्यात हेडफोन आणि मांडीवर मोठमोठ्या फायली घेऊन बसलेली. खुडबुडकडे एक पातळ पाकीट आणि आमची पितळी वाटी. तिला आत बोलावलं. दार लागत होतं, माझी पिशवी चुकून मध्ये राहिली.

निकाल आधीच सांगून टाकते. पुरस्कार तिला मिळाला, पाचांपैकी तिघांच्या मताने, आणि घड्याळवाल्याच्या दुकानातली दुसरी खुर्ची आता गिऱ्हाइकांसाठी आहे. उरलेली दोन मतं का गेली, ते त्या फटीतून मी स्वतः ऐकलं.

अध्यक्षबाई कागद उलटसुलट करत होत्या. "दिग्दर्शकाचं पत्र नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या सरांना आम्ही फोन केला होता. ते म्हणाले, नाटकात आवाजाचं असं काही काम नव्हतंच. आणि तुम्ही इथे काय जोडलंय, तर नळ दुरुस्त करणाऱ्याचं पत्र. हा नाटकाचा पुरस्कार आहे. एका प्लंबरच्या शिफारशीवर आम्ही काय समजायचं?"

आत कोणीतरी हसलं. बाकावर घड्याळवाल्याने डोळे मिटले, थोबाडीत ऐकताना मिटायचा तसे.

खुडबुड म्हणाली, "सर अठ्ठावीस तालमींना होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. नळवाला एकाच प्रयोगाला बसला आणि पाना घेऊन शोधत राहिला. पुरस्कार ऐकण्याचा आहे, म्हणून ज्याने ऐकलं त्याचं पत्र जोडलंय."