उदमांजराची खरूज

खरवईत आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये सापडलेलं उदमांजर खरजेने मेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. त्याला मी मारलं.

शेपटीचे केस पार झडलेले, कान खपल्यांनी जाड झालेले, एक डोळा चिकटलेला. वॉचमन म्हणाला, "साहेब, फॉरेस्टवाल्यांना फोन लावू का?" मी त्याला उडवूनच लावलं. अंबरनाथला कारखान्यात सुपरवायझर म्हणून जन्म काढलेला माणूस मी. तिथल्या कुत्र्यांना खरूज झाली की आम्ही जळकं ऑइल चोपडायचो. त्यातली किती जगली हे कोणी कधी पाहिलं नव्हतं, पण उपाय मला तोंडपाठ होता. रिक्षाच्या गॅरेजमधून डबाभर काळं तेल आणलं, गोणपाटाखाली त्याला दाबून धरलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत माखलं. जमलेल्या लोकांना वर चार शहाणपणाच्या गोष्टीही ऐकवल्या.

ते कोपऱ्यात बसून अंग चाटत राहिलं. दुपारी त्याला उलट्या झाल्या, मग झटके आले. तेव्हा कुठे मी उल्हासनगरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, खरूज बारीक किड्यांमुळे होते, औषधाने जाते. पोटात गेलेलं तेल आता कसं काढू?" संध्याकाळच्या आत उदमांजर गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'आजार फार वाढला होता.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ती बघून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

महिन्याभराने तळमजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांच्या कुत्रीला खरूज लागली होती. "भाऊजी, तुमचं ते तेल द्या ना थोडं." खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "संपलं."

मग त्यांनी ते गॅरेजमधून स्वतःच आणलं. दोन दिवसांनी जिन्याखाली कुत्री काळी कुळकुळीत होऊन पाय चाटताना दिसली. मी भांड्यांचा साबण घेऊन धावलो आणि तिला घासता घासता वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या बादली धरून ऐकत होत्या. डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा आली, तसं ओल्या कुत्रीला मांडीवर घेऊन त्या आत बसल्या. मीही चढायला गेलो, तर त्यांनी शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.

"तुम्ही नका येऊ," त्या म्हणाल्या.