क्यू बनवायची कॅसेट

"थांबवा. तिथंच थांबवा," निमकरसाहेब म्हणाले आणि मी पॉझचं बटण दाबलं.

कॅन्टीनच्या टेबलावर टीव्ही ठेवला होता. पडद्यावर एक अमेरिकन माणूस लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, वाकलेला दिसत होता. साहेब उठून पडद्यापाशी गेले आणि त्या माणसाच्या हातातल्या गुळगुळीत काठीवर त्यांनी बोट ठेवलं.

"यात काय अवघड आहे, जाधव? आपण रोज दांडेच करतो ना?"

मी फोरमन होतो. सातपूरला आमचा छोटा कारखाना होता. हातोड्या, कानशी, फावडी यांचे लाकडी दांडे आम्ही करायचो. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. निमकरसाहेब मालक. संध्याकाळी क्लबात स्नूकर खेळायचे. तिथले क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठ्या, परदेशातून यायचे. एका संध्याकाळी खेळता खेळता साहेबांनी क्लबच्या सेक्रेटरींना शब्द देऊन टाकला की आमचा कारखाना असे क्यू नाशिकमध्ये करून देईल. शब्द देताना कारखान्यातल्या कोणालाही विचारलं नव्हतं.

मग त्यांच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून पूलचे, म्हणजे स्नूकरसारख्याच तिकडच्या खेळाचे, क्यू बनवायला शिकवणाऱ्या कॅसेटचा संच पाठवला. तो आपल्या व्हीसीआरवर चालेना. तिकडची सिस्टिम वेगळी, चित्र नुसतं पळत राहायचं. साहेबांनी मुंबईहून दुसरा व्हीसीआर मागवला. लेथला हात वाचवणारे गार्ड बसवा म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो, तेव्हा कारखान्याकडे पैसे नव्हते. व्हीसीआरला मात्र निघाले. माझं डोकं तिथंच तापायला सुरुवात झाली.

कॅसेट मी नीट बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. माणूस कसबी होता, त्यात शंका नाही. पण क्यूचं खरं काम पडद्यावर नव्हतंच. क्यू एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढा बारीक असतो. लाकडाच्या आत ताण असतो. एका बाजूनं थर काढला की ताण सुटतो आणि लाकूड वाकतं. म्हणून थोडं उतरवायचं, काठी उभी टांगून ठेवायची, तिला वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग पुन्हा थोडं उतरवायचं. असं महिनोन्महिने. कॅसेटमध्ये माणूस जाड काठी लेथला लावायचा आणि पुढच्या क्षणी त्याच्या हातात बारीक काठी असायची.

"साहेब, त्याचा शर्ट बघा," मी म्हणालो. "आधी लाल चौकडीचा होता. आता निळा आहे. मधे किती दिवस गेले ते यानं दाखवलेलं नाही."

"शर्टाचं काय घेऊन बसलात? काठी बघा."

काठीच बघत होतो मी.

काम एकनाथ गांगुर्डेकडे आलं. एकनाथ आमचा लेथवरचा सगळ्यात चांगला कारागीर, टर्नर. देवळालीच्या बाजूच्या खेड्यातून सायकलनं यायचा. मुंबईच्या एका वखारीतून साहेबांनी ॲश नावाचं सरळ रेषांचं परदेशी लाकूड आणलं होतं. ते किती वाळलंय, हे वखारवाल्यालाही सांगता आलं नाही. एकनाथनं पहिले क्यू उतरवले तेव्हा ते सरळ होते. आठवडा उलटला आणि काचेच्या टेबलावर लोटून पाहिले तर केळ्यासारखे वाकडे होऊन डुगडुगत होते. साहेबांनी एकनाथला ऑफिसात बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं की टीव्हीवरच्या गोऱ्याला जमतं आणि तुला इतकी वर्षं लेथवर काढून जमत नाही, याचा अर्थ तुझं लक्ष नाही. मी मधे पडलो, लाकडाचं पुन्हा समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नवे क्यू महिन्याच्या आत हवेत असं सांगितलं.

आता पॉलिशचं. कॅसेटमधला माणूस शेवटी क्यू जोरात फिरवायचा, हातात पांढरं फडकं घ्यायचा, त्यावर पॉलिश ओतायचा आणि ते फिरत्या काठीभोवती गुंडाळून पुढे-मागे सरकवायचा. काठी आरशासारखी चमकायची. साहेबांना तो भाग फार आवडायचा. इंग्रजी तेच आम्हाला समजावून सांगायचे. "तो म्हणतोय, टॉवेल घ्या," ते म्हणाले.

मी तिथल्या तिथं सांगितलं की फिरत्या लेथवर कापड गुंडाळायचं नाही. लेथवर काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात ते. कापडाचा धागा कुठं अडकला तर कापड गुंडाळलं जातं आणि त्याच्यासोबत हातही आत जातो. एकनाथलाही बजावलं. मशीन थांबवून हातानं पॉलिश कर, चमक कमी आली तरी चालेल. तो म्हणाला, "मी बी तेच करणार व्हतो, साहेब."

पुढच्या आठवड्यात मला लासलगावला जावं लागलं. तिथल्या एका व्यापाऱ्याला दिलेले फावड्यांचे दांडे तडकले होते. दुपारी त्याच्या दुकानात फोन आला. फोनवर आमचा क्लार्क होता. एकनाथचा हात लेथमध्ये गेला, एवढंच त्यानं सांगितलं.

मी थेट हॉस्पिटल गाठलं. एकनाथचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. त्याची बायको सुमन कॉटशेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. एकनाथ हळू आवाजात सांगत होता. निमकरसाहेब वर्कशॉपमध्ये आले होते. क्लबचे सेक्रेटरी येणार आहेत, चमक हवी, टीव्हीत बघितलं तसं कर, म्हणाले. एकनाथनं नाही म्हटलं. साहेब म्हणाले, जाधव नाहीत आज, मी सांगतोय. आणि टॉवेल त्यांनी स्वतःच्या गाडीतून आणून दिला.

"मी नको म्हणलं व्हतं," एकनाथ पुन्हा म्हणाला. "तेवढं तुमी ध्यानात ठेवा."

दोन बोटं चेंगरली होती. एकातलं हाड तुकडे तुकडे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि चहा मागवला. एरवी ते मला कधी चहा विचारत नसत. फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते. साहेबांचं म्हणणं, कामगारानं निष्काळजीपणे कापड वापरलं, असं फोरमन म्हणून मी सांगावं. एकनाथची काळजी ते घेतीलच, पण कारखान्याचं नाव खराब व्हायला नको.

"टॉवेल तुम्ही दिलात," मी म्हणालो.

"व्हिडिओत तसंच करतात, जाधव. त्या माणसाला काही झालं का?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. तेव्हाचा राग अजून आठवतो. ज्यानं लेथचा खटका कधी दाबला नव्हता तो माणूस, समुद्रापलीकडच्या एका अनोळखी माणसाच्या भरवशावर, माझ्या टर्नरला खोटं पाडत होता.

पण साहेबांचा प्रश्न माझ्या डोक्यात अडकला. त्या माणसाला काही कसं झालं नाही? मी कॅन्टीनमध्ये जाऊन कॅसेट लावली. पॉलिशचा भाग आला की मागे घ्यायचो, पुन्हा बघायचो. मग एकदाचं दिसलं. त्याच्या मागच्या भिंतीवर कागदाचा जाड रोल अडकवलेला होता. पॉलिश सुरू करायच्या आधी त्याचा हात तिकडं जातो, एक झटका देतो आणि तुकडा फाडून घेतो. ते कापड नव्हतंच. हात पुसायचा मऊ कागद होता. त्यांच्याकडे त्यालाही टॉवेलच म्हणत असावेत. पूर्ण कॅसेटमध्ये त्यानं एकदाही सांगितलं नव्हतं की हा कागद आहे आणि कागदच का घ्यायचा. हे तर जीव वाचवणारं वाक्य. आणि नेमकं तेच गाळलेलं.

इन्स्पेक्टर आले. वयस्कर, कमी बोलणारे. निमकरसाहेबांनी निष्काळजीपणा हा शब्द वापरून सगळं सांगितलं. मी म्हणालो, "साहेब, एक कॅसेट बघाल?"

निमकरसाहेब गडबडीनं म्हणाले की त्याची काही गरज नाही. इन्स्पेक्टर आधीच उठले होते.

कॅसेट बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कामगारांना कोणी दाखवलं?"

"ते फक्त माहितीसाठी होतं," निमकरसाहेब म्हणाले.

"मी विचारलं, कोणी दाखवलं?"

"मीच."

"आणि टॉवेल?"

मी इन्स्पेक्टरना पडद्यावरचा तो रोल दाखवला. "कागद आहे तो, साहेब. अडकला तर कागद फाटतो. कापड फाटत नाही, हात फाटतो."

इन्स्पेक्टरनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग दारात उभ्या असलेल्या टर्नरांपैकी दोघांना आत बोलावून एकेकट्याला विचारलं. दोघांनीही साहेबांनी टॉवेल आणून दिल्याचं सांगितलं. त्यांना मी काहीही पढवलेलं नव्हतं.

निष्काळजीपणा हा शब्द एकनाथच्या नावापुढे लागला नाही. त्याला नियमानं मिळायची ती भरपाई मिळाली. लेथना गार्ड बसले, तेही महिन्याच्या आत. बोट मात्र पुन्हा वाकलं नाही. टर्नरला हत्यार धरायला बोट लागतं. एकनाथ पॅकिंगला गेला आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिला. भेटला की चहाचा कप डाव्या हातानं उचलायचा. मला दरवेळी नजर दुसरीकडे न्यावी लागायची. क्लबनं एकही क्यू घेतला नाही. ते सगळे वाकडे क्यू निमकरसाहेबांच्या बंगल्यात टोमॅटोच्या झाडांना आधाराला लागले. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले आणि मी पुढच्या वर्षी अंबडला दुसरा कारखाना धरला.

हट्टानं मी पुढे घरी क्यू करायला शिकलो. लाकूड टांगून ठेवलं, थोडं थोडं उतरवलं, वाट बघितली. वर्ष सरत आलं तेव्हा एक सरळ क्यू झाला. त्यानंतर त्याच क्लबातले लोक क्यू दुरुस्तीला आणू लागले आणि कुणी ना कुणी विचारायचं, त्या शिकवणाऱ्या कॅसेट पैसे घालून घ्याव्यात का?

मी सांगतो, क्यूच्या दोन तुकड्यांचा जोड कसा बसवायचा, टोकाला चामडं कसं चिकटवायचं, हे कॅसेटमध्ये चांगलं दिसतं. वाट किती बघायची आणि हात कुठं जाऊ शकतो, हे दिसत नाही. स्वतः लेथवर उभे राहणार असाल तर खुशाल घ्या. ती बघून दुसऱ्याला उभं करणार असाल तर घेऊ नका.