धनसिंगनं कापलेलं शास्त्र

धनसिंगला अक्षरं मी शिकवली, म्हणून पुढे जे झालं त्यात थोडा वाटा माझाही आहे. कळमनुरीजवळच्या त्याच्या तांड्यात मी साक्षरतेचा वर्ग घ्यायचो. बाकीचे सही येताच पसार झाले, हा मात्र चिकटून राहिला. नुकताच ख्रिस्ती झाला होता आणि त्याला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतः वाचायचं होतं. चाळिशीतला गडी ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचा.

सत्त्याण्णव साली त्याची नऊ वर्षांची निता तीन दिवसांच्या तापात गेली. लग्न न झालेल्याला तांड्यात पुरतात, तसं तिला पुरलं. प्रार्थनेला आलेल्या चर्चच्या पाळकानं शास्त्राच्या पहिल्या भागातली, जुन्या करारातली गोष्ट सांगितली: दावीद राजानं पाप केलं आणि देवानं त्याचं तान्हं पोर नेलं. धनसिंगनं बाप्तिस्म्यानंतरही भावाच्या घरी देवीला कापलेल्या बकऱ्याचा वाटा खाल्ला होता. पाळकानं नाव घेतलं नाही, पण धनसिंगच्या बायकोला, पेमाला, बरोबर कळलं. पोटचं पोर मातीत ठेवलेल्या बाईला असलं सांगतात का? त्या माणसाचा मला अजून राग येतो.

पेमा नवऱ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि पाठ फिरवायची.

धनसिंगनं वर्षभर शास्त्र पहिल्या पानापासून वाचलं. आधी देवानं पुरात बुडवलेली, मिसर देशात एका रात्रीत मारलेली लेकरं. मग नवा करार आला, तर तिथं येशू लेकरांना कुशीत घेतोय. माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, हे दोन देव हायेत. एक मारून राहिला, दुसरा कुशीत घेऊन राहिला. येशूचा बाप तो पैला कसा आसंल?"

त्यानं विळ्यानं जुना करार कापून काढला. देवाचं पुस्तक जाळू नये, पाण्यात सोडावं, हे जुनं वळण अंगात होतंच. एसटीनं सिद्धेश्वरला जाऊन त्यानं ती पानं धरणात सोडली.

पाळक खवळला. शिकलेला होता तो. "हे खूळ नवं नाही," तो म्हणाला. "साडेअठराशे वर्षांपूर्वी रोममध्ये मार्सियन नावाच्या माणसानं हेच सांगितलं. जुन्या कराराचा देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, म्हणून ते शास्त्रच नको. चर्चच्या मंडळीनं त्याला हाकलून दिलं."

धनसिंगनं विचारलं, "त्याचं बी लेकरू मेलं व्हतं का?"

 धनसिंगलाही मंडळीतून काढलं. देवीकडे तो परत जाईना. ना घरचा ना घाटचा. पण त्याला फिकीर नव्हती, कारण पेमा ऐकू लागली होती. तो रोज वाचून दाखवी आणि सांगे, "निताला येशूच्या बापानं न्हाई मारलं." एक दिवस ती म्हणाली, "भाकर गरम हाय, खाऊन घ्या." हे मला सांगताना तो रडला.

दुसऱ्या वर्षी निताच्या दिवशी ती दोघं तिच्या मातीवर गेली. मीही सोबत होतो.

"ते मेंढपाळाचं वाचा," पेमा म्हणाली. "देव मेंढपाळ हाय, अंधाऱ्या दरीत बी संगं राहतो, ते. तापात निता तेच म्हणत गेली."

धनसिंग पानं उलटत राहिला. ते मेंढपाळाचं स्तोत्र जुन्या करारातलं, धरणात सोडलेल्या पानांतलं. हे माझ्या ध्यानात आलं, त्याच्याही आलं.

"त्या पैल्या देवाचं हाय का ते?" पेमानं विचारलं.

खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला ते जमलं नाही. "व्हय," म्हणाला.

"मंग माझी लेक कोणाजवळ हाय?"

धनसिंग त्यानंतर नऊ वर्षं जगला. पेमा त्याच्याशी पुन्हा बोलली नाही.