गाईच्या घासावर पाय

दगडाबाईचं गाईचं वेड साऱ्या शिवाराला ठाऊक. पाहुण्याला चहा उशिरा मिळेल, पण कपिलीचं पाणी वेळेवर. फुलंब्रीच्या अलीकडं तिचा दीड एकराचा मळा, त्यात एक पट्टा लसूणघासाचा, गाईच्या हिरव्या चाऱ्याचा. हिवाळ्यात घास कापून दमावं इतका यायचा, आणि फाल्गुन लागला की विहिरीचा तळ दिसायचा. मग चारा नाही आणि गाय बाजारात. गेल्या उन्हाळ्यात ढवळी अशीच गेली. म्हातारी आठ दिवस धड जेवली नाही.

खरं तर ढवळीसाठी तिनं घासाचा मुरघास घातला होता, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून उन्हाळ्यासाठी ठेवला होता. पण घातला कसा? मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हातानं थापटून थापटून! आतली हवा काढायची तर पिशवीत उभं राहून पायांनी तुडवावं लागतं, हे तिला दहा जणांनी सांगितलं. "गाईच्या तोंडचा घास पायाखाली घेऊ? नाय बाई, पाप लागंल," म्हणून बसली. दीड महिन्यानं पिशवी उघडली, तर आत काळा चिकट लगदा, आणि नाक धरून पळावं असा वास.

यंदा कपिली गाभण होती. मुलगा बद्रीनाथ शहरात कंपनीत कामाला. त्यानं स्वच्छ सांगितलं, "माय, मुरघास चांगला झाला तर गाय राहील. नाय तर व्यापाऱ्याला, पुंजारामकाकाला बोलावतो. उपाशी मारायची का तिला?" पोरगं खरं बोलत होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

पौषात शेजारच्या मळ्यातली अनवरी मदतीला आली. दोघींनी घास कापून अर्धा दिवस उन्हात सुकवला. बारीक तुकडे करून कुट्टी झाल्यावर अनवरीनं ती मुठीत दाबून पाहिली; पाणी सुटलं नाही, म्हणजे ओल बेताची होती. मग हिरव्या मक्याची कुट्टी मिसळली, गुळाचं पाणी शिंपडलं. पिशवी भरायची वेळ आली, तशी दगडाबाई पुन्हा वाकून हातानं थापटायला लागली.

अनवरी चिडलीच. "मावशी, बद्रीभाऊ पोटात होता तवा लाथा मारायचा का नाय?"

"लई मारायचा मेला."

"मग त्याला पाप लागलं का?"

दगडाबाई ताठ उभी राहिली. तिनं पाय घासून घासून धुतले, चिमूटभर घास कपाळाला लावला, लुगडं खोचलं आणि पिशवीत उतरली. एकदा उतरली ती मग थांबेचना! कोपरा कोपरा तुडवला. "आता काय फुगडी घालता का?" म्हणत अनवरी खो खो हसत होती. पिशवीचं तोंड दोघींनी मिळून करकचून बांधलं.

पुढं दीड महिना दगडाबाई रोज पिशवीभोवती फिरायची. उंदरानं भोक तर पाडलं नाही ना, हाच घोर.

फाल्गुनातल्या एका रविवारी बद्रीनाथनं गाठ सोडली. घास पिवळसर हिरवा, वास आंबूसगोड, लोणच्याच्या बरणीसारखा. पाटीभर काढून कपिलीपुढं ठेवला. तिनं हुंगला आणि मान फिरवली. पुंजारामकाकाला सांगून ठेवलेलंच होतं; बद्रीनाथनं खिशातला फोन हातात घेतला.

म्हातारी पुढं झाली. चिमूटभर घास स्वतःच्या तोंडात टाकला, चावला. "ग्वाड हाय गं. खा की माझे बाई," म्हणत उरलेला तळहातावर धरला. कपिलीनं आधी हात चाटला, मग घास उचलला. मग तिनं पाटीत जे तोंड घातलं, ते पाटी रिकामी होईस्तोवर वर काढलं नाही.

"पुंजारामकाका," बद्रीनाथ फोनवर सांगत होता, "येऊ नका. गाय द्यायची नाय."

दगडाबाई कपिलीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली.

"आता गं काय झालं, माय?"

"दीड महिना धरून ठेवलंय रे," ती म्हणाली, "आता तरी रडू दे."